हँडल गेलं, बटण आलं

सकाळचा स्वयंपाक उरकून, जनावरांना वैरण टाकून रेडिओजवळ बसला असाल. कुणी भाकरी थापता थापताच ऐकत असाल. आज आम्ही बोलणार आहोत संडासाच्या फ्लशच्या टाकीबद्दल. हसू नका. हा विषय कुणी चारचौघांत काढत नाही, आणि कुणी काढत नाही म्हणूनच त्यात बाईमाणसाचे हाल होतात. आमच्या गटात काय घडलं ते ऐका, म्हणजे पटेल.

आम्ही माणदेशातल्या बायका. पाण्याची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. नळाला दिवसाआड पाणी, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. आपल्या बहुतेक घरांत भारतीय पद्धतीचं भांडं आणि दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे. ते भांडं उताराचं असतं, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. तिथं फ्लशची टाकी लागतच नाही, आणि पाण्याच्या हिशेबानं तेच सगळ्यांत चांगलं. पण ज्या घरात गुडघे धरलेली म्हातारी माणसं आहेत, तिथं आता कमोड बसवतात. कमोड आला की मागं टाकी आली, आणि टाकी आली की तिचं दुखणंही आलं.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंचं असंच झालं. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारून गेला. चालणं सुधारलं, पण उजव्या हातात जोर राहिला नाही. टाकीचं हँडल नेमकं उजव्या बाजूला. ते झटका देऊन खाली दाबावं लागायचं, तेही दोन-तीनदा. डाव्या हातानं पोचेना, उजव्यानं दबेना. तुम्ही म्हणाल, बादलीनं पाणी ओतायचं. पण कमोडमध्ये टमरेलभर पाण्यानं काही होत नाही. पाच-सहा लिटर एकदम धबकन पडावं लागतं. एका हातानं भरलेली बादली उचलून कोण ओतणार?

मग सासूबाईंनी आपला उपाय काढला. त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. सून रानात गेली की संध्याकाळपर्यंत दोन घोट. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. म्हातारी घरी येऊन सुनेला म्हणाली, "पाणी पिलं की जावं लागतंय, आन् गेलं की त्यो दांडा दबत न्हाई. मागं घाण ठिवून यायची लाज वाटती गं."

हे ताईंनी मासिक बैठकीत सांगितलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. औषधाला पैसे गेले होते, आणि दुखणं होतं एका दांड्याचं. तालुक्याच्या एका प्लंबरला तीन आठवडे फोन केले. रोज "उद्या येतो". शेवटी आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "शिलाई मशीन खोलून जोडतो, पिठाची गिरणी चालवतो. ही टाकी तर नुसती प्लास्टिकची आहे!" आणि आम्ही झाकण उघडलं.

आधी आत काय असतं ते समजून घेऊ. जुन्या हँडलच्या टाकीत सायफन असतो. सायफन म्हणजे उलट्या वाकवलेल्या नळीसारखा भाग. हँडल दाबलं की आतली चकती पाणी वर ढकलते, पाणी वाकणावरून पलीकडं जातं आणि मग आपोआप सगळी टाकी रिकामी होते. रॉकेलच्या डब्यात नळी घालून तोंडानं ओढायचो आणि मग आपोआप धार लागायची, तसंच हे. त्या चकतीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा असतो. तो फाटला की हँडल दोन-तीनदा मारावं लागतं. सासूबाईंच्या टाकीत तो फाटलेलाच होता. नुसता तुकडा बदलून स्वस्तात काम झालं असतं, पण झटका द्यायचा तो द्यावाच लागला असता. म्हणून बटण बसवायचं ठरवलं.

बटणाच्या टाकीत तळाच्या भोकावर एक व्हॉल्व्ह बसतो आणि त्याच्याखाली रबरी वॉशर असतो. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उचलला जातो, पाणी सरळ खाली पडतं. जोर लागत नाही, मूठ वळावी लागत नाही. तळव्यानं, अगदी कोपरानंसुद्धा दाबता येतं. बटणाचे दोन भाग असतात. लहान भाग दाबला की थोडं पाणी, मोठा दाबला की जास्त. ही दोन मापांची टाकी ऑस्ट्रेलियात १९८० च्या सुमारास निघाली. तो देशही आपल्यासारखाच पाण्याला तहानलेला, म्हणून तिथं ती चांगलीच रुजली.

सामान काय आणलं ते सांगतो. दोन बटणांच्या व्हॉल्व्हचा संच, पांढरी टेप आणि एक मोठा पाना. दुकानात जाताना आम्ही टाकीचं झाकण आणि काढलेला सायफन पिशवीत घालून नेला. हे जरूर करा. तळाच्या भोकाचं माप आणि टाकीची उंची जुळली नाही तर खेप वाया जाते. आमच्या झाकणाला बटणासाठी भोक नव्हतं. गावातल्या सुतारानं गोल भोक पाडायच्या करवतीनं ते पाडून दिलं. झाकण प्लास्टिकचं होतं म्हणून जमलं. चिनी मातीच्या झाकणाला हात लावू नका, तडकतं. तसं असेल तर वायरीवर चालणारं बटण मागा. ते जुन्या हँडलच्या भोकात बसवता येतं, फक्त भोकाचं माप जुळतंय का ते बघून घ्या.

आता काम. पहिलं, टाकीला पाणी येतं तो भिंतीवरचा कॉक बंद करा. टाकी रिकामी करा, तळाचं उरलेलं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळा. ते झाडांना घाला.

दुसरं, टाकीखालच्या पाइपाची चाकी सोडवा. मग सायफनला धरून ठेवणारी मोठी चाकी सोडवा. सायफन आणि हँडल वरून बाहेर निघतं. तळाच्या भोकाभोवती चिकट थर आणि क्षार साठलेले असतात. ते घासून बोट फिरवा, गुळगुळीत लागलं पाहिजे. घाई इथं करू नका, कारण रबर याच जागेवर बसणार आहे.

तिसरं, नवा व्हॉल्व्ह आतून बसवा. जाड रबर टाकीच्या आत, चाकी बाहेर. चाकी हातानं घट्ट करा आणि मग पान्यानं थोडीशीच. प्लास्टिकला जोर केला तर आटे जातात. मग खालचा पाइप जोडा.

चौथं, पाण्याची पातळी. नव्या व्हॉल्व्हच्या मध्ये एक उभी नळी असते. टाकीत पाणी जास्त झालं तर ते या नळीतून भांड्यात जातं. नळीचं तोंड जुन्या हँडलच्या भोकापेक्षा इंचभर खाली ठेवा, आणि फुग्याचा दांडा असा लावा की पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबेल. फुगा वर-खाली होताना नव्या व्हॉल्व्हला अडत नाही ना, तेही बघा. जुन्या हँडलचं भोक बुच लावून बंद करा, नाहीतर आत डास आणि पाली.

पाचवं, झाकण आणि बटण. बटणाखाली दोन काड्या असतात, त्या टाकीच्या उंचीप्रमाणे कापायच्या. आणि इथंच आम्ही चुकलो.

आम्ही काड्या लांब ठेवल्या. झाकण लावलं, बटण दाबलं, पाणी धो धो पडलं. टाळ्या वाजवल्या, चहा झाला, सगळ्या घरी गेलो. पण काडी लांब असल्यामुळं झाकण बसताच व्हॉल्व्ह किंचित उचललेला राहिला होता. रात्रभर पाणी भांड्याच्या कडेनं झिरपत राहिलं. आवाज नाही, काही नाही. सकाळी ताईंनी नळ सोडला तर गच्चीवरची टाकी कोरडी! त्या दिवशी पाण्याची पाळीही नव्हती. घरातल्या पुरुषांनी ऐकवायचं ते ऐकवलंच. "बायकांचं काम" वगैरे. ताई रडवेल्या झाल्या. आम्ही चार घरांतून हंडे गोळा करून त्यांची वेळ भागवली, आणि दुपारी परत झाकण उघडलं. काडी थोडी कापली. बटण न दाबता काडी आणि व्हॉल्व्ह यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. एवढ्याशा फरकानं सगळं पाणी गेलं होतं.

मैत्रिणींनो, ही गळती साधी समजू नका. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी झिरपत असेल, तर तासाला १२ लिटर आणि दिवसाला २८८ लिटर जातं. १५ लिटरच्या हंड्यानं मोजलं तर एकोणीस हंडे! डोक्यावरून वाहणारीला विचारा एकोणीस हंडे म्हणजे काय ते.

म्हणून खरं तेच सांगतो. जुन्या सायफनचा एक गुण मोठा आहे. त्याचं वाकण पाण्याच्या वर असतं, त्यामुळं तो असा गळत नाही. इंग्लंडमध्ये पाणी वाया जाऊ नये म्हणून २००१ पर्यंत घरोघरी सायफनच लावायचा नियम होता. बटणाच्या व्हॉल्व्हखाली वाळूचा एक कण अडकला तरी तो झिरपतो. आणि आपल्या बोअरच्या पाण्यात वाळू आणि क्षार दोन्ही. तेव्हा तुमच्या घरातलं हँडल नीट चालत असेल, सगळ्यांना ते दाबता येत असेल, तर उगाच बदलू नका. पाणीच वाचवायचं असेल तर लिटरभराच्या बाटलीत वाळू-पाणी भरून ती टाकीत फुग्याला न अडेल अशी ठेवा. दर वेळेस लिटरभर पाणी वाचतं. त्यानं भांडं साफ होईना असं दिसलं तर बाटली काढून टाका.

बदललंच, तर फायदा किती तेही मोजा. जुनी टाकी दर वेळेस १० लिटर ओतायची. नव्या संचाला लहान बटणाला ३ आणि मोठ्याला ६ लिटर असं माप लावता येतं. घरात पाच माणसं, प्रत्येकाचं दिवसाला चार वेळा लहान आणि एकदा मोठं काम धरा. जुन्या टाकीला २५० लिटर लागायचे, आता ९० लागतात. रोजचे १६० लिटर वाचले, म्हणजे दहा हंड्यांवर. शोषखड्ड्यावरचा ताणही तेवढाच कमी झाला. फक्त घरातल्या प्रत्येकाला कोणतं बटण कशाचं ते कळलं पाहिजे. आम्ही लहान बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. "लाल ठिपका, लहान काम" हे पोरांनीसुद्धा पाठ केलं.

गळती ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कपड्यांची नीळ घ्या. रात्री सगळ्यांचं जाऊन झालं की टाकीच्या पाण्यात दोन चमचे नीळ टाका आणि अर्धा तास कुणी बटण दाबू नका. भांड्यात निळं पाणी दिसलं की समजा व्हॉल्व्ह गळतोय. मग कॉक बंद करा, व्हॉल्व्ह काढून रबर पुसा. क्षार धरले असतील तर लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर भिजवा. संडास धुवायचं अ‍ॅसिड टाकीत कधीही ओतू नका, आणि क्लोरीनच्या गोळ्याही टाकू नका. त्यानं रबर खराब होतं. दोन-तीन महिन्यांनी एकदा टाकी आतून बघायची सवय ठेवा. आणि टाकी कमोडवरच बसवलेली, चिनी मातीची असेल तर ती स्वतः सोडवू नका. तिथं माहीतगारच बोलवा.

आता सासूबाईंचं सांगतो. बटण झाकणावर, म्हणजे उठून वळलं की डाव्या हाताखाली येतं. भिंतीला धरायला एक लोखंडी दांडीही ठोकून दिली, कारण वळताना तोल जायची भीती होती. पहिल्या दिवशी त्यांनी दार लावलं, आम्ही बाहेर उभ्या. पाण्याचा आवाज आला. मग परत आला. मग तिसऱ्यांदा आला. सून ओरडली, "अहो आत्या, पाणी संपंल!" आतून म्हातारी म्हणते, "बघू दे की गं, खरंच माझ्या हातानं हुतंय का!"

त्या तीन वेळच्या पाण्याचा हिशेब आम्ही कुणीही मांडला नाही. आता त्यांच्या खाटेजवळ तांब्या भरलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत तो रिकामा होतो. आमच्या लेखी कामाची पावती तीच.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्त्याची वही काढाल, तेव्हा एक प्रश्न विचारा. आपल्या गटात, आपल्या घरात अशी कुणी आहे का, जी संडासाच्या अडचणीपायी पाणी कमी पिते? सून असेल, म्हातारी असेल, शाळेतली पोर असेल. कुणाचं हँडल दबत नसेल, कुणाच्या दाराला कडी नसेल, कुठं दिवा नसेल. ती स्वतःहून सांगणार नाही, तुम्हालाच विचारावं लागेल. आणि येताना नीळ घेऊन या. ज्यांच्या घरी टाकी आहे, त्यांनी त्याच रात्री ती टाकून बघा.

पाणी प्या, पाणी जपा. येतो आम्ही. नमस्कार.