ध्येय शोधावें कीं घडवावें?

दिवसभराचें काम आटोपून घरीं परतलेल्या माणसाला केव्हां ना केव्हां एक प्रश्न पडतोच : हें सारें कशासाठीं चाललें आहे? पगार मिळतो, संसार चालतो, मुलांचें शिक्षण होतें. तरीहि मनाच्या एका कोपऱ्यांत रितेपणा उरतो. मग त्याला वाटूं लागतें कीं, थोर माणसांना जसें जीवितकार्य लाभलें तसें आपल्याला लाभलें नाहीं, हें आपलें दुर्दैव. या समजुतीच्या मुळाशीं एक कल्पना असते. ध्येय हें कोठें तरी तयार होऊन ठेवलेलें असतें. भाग्यवंताला तें सांपडतें, इतरांना सांपडत नाहीं. ही कल्पना कितपत खरी आहे, हें एखाद्या चरित्राच्या आधारानें पाहिलेलें बरें. आणि त्यासाठीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राइतकें सोयीचें चरित्र क्वचितच मिळेल.

कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. बालपण कोंकणांत, दापोलीजवळच्या मुरुड गांवीं गेलें. सरकारी नोकरीस पात्र ठरविणारी एक परीक्षा देण्यासाठीं १८७५ सालीं हा मुलगा सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेला. शंभराहून अधिक मैलांची वाट तुडवून परीक्षकांपुढें उभा राहिला, तेव्हां सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून त्याला परत पाठविण्यांत आलें. ही गोष्ट चिकाटीचें उदाहरण म्हणून पुष्कळदां सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या पायपिटीमागें कोणतें ध्येय होतें? समाजाचा उद्धार नव्हे. एक लहानशी नोकरी, इतकेंच. स्त्रीशिक्षणाचा विचार त्या मुलाच्या मनाला शिवलाहि नव्हता.

पुढें १८८४ मध्यें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते गणित घेऊन पदवीधर झाले आणि शिकवण्या व शाळांतील नोकऱ्या यांवर संसार चालवूं लागले. या काळांत त्यांनीं स्वतःला एक साधीशी संवय लावून घेतली. मिळकतीचा कांहीं अंश लोकोपयोगी कामासाठीं वेगळा काढावयाचा. त्यांतूनच गांवाच्या हितासाठीं ‘मुरुड फंड’ उभा राहिला. ध्येय अजून दूर होतें. पण तें आलें तर उतरण्यास जागा असावी, तशी ही संवय मनांत घर करून राहिली.

१८९१ हें वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारें ठरलें. त्याच वर्षीं पत्नी राधाबाई वारल्या आणि त्याच वर्षीं गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. तेहतीस वर्षांच्या विधुरानें बारा-तेरा वर्षांच्या कुमारिकेशीं लग्न लावावें, ही त्या काळची रीतच होती. आणि त्याच वयाची विधवा मात्र जन्मभर घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत बसावयाची. विषमतेचा हा हिशेब गणिताच्या अध्यापकाला पटण्यासारखा नव्हता. पुन्हां लग्न करावयाचें तर विधवेशींच, असा निश्चय करून त्यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाईंशीं विवाह केला. गोदूबाई या त्यांच्या मित्राच्या भगिनी आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक. मुरुडकरांनीं कर्व्यांना वाळींत टाकलें, आणि त्याची झळ गांवांत राहणाऱ्या वृद्ध आईलाहि लागली.

त्याच वर्षीं पुनर्विवाहास उत्तेजन देणारी मंडळी स्थापन झाली. पण थोड्याच अवधींत कर्वे यांना दिसून आलें कीं, विवाहानें एका विधवेचा प्रश्न सुटतो. शिक्षणानें अनेकींचा सुटूं शकतो. १८९६ मध्यें त्यांनीं स्वतःजवळचे हजार रुपये घालून अनाथ बालिकाश्रम काढला. येथें त्यांना एक कठीण निवड करावी लागली. मुलींना आश्रमांत पाठविण्यास लोकांनीं तयार व्हावें, तर आश्रम हें पुनर्विवाहाच्या प्रचाराचें ठिकाण असतां कामा नये. ज्यानें स्वतः पुनर्विवाह करून बहिष्कार सोसला त्यानेंच तो विषय संस्थेच्या दाराबाहेर ठेवावा, हें कांहीं सुधारकांना रुचलें नाहीं. कर्वे मात्र ढळले नाहींत. अनेक चांगल्या गोष्टींपैकीं एक निवडून बाकीच्या इतरांवर सोंपविणें, हा ध्येयनिष्ठेचा फारसा न बोलला जाणारा भाग आहे.

१९०० सालीं आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. माळरानावर एक झोंपडी, एवढाच त्याचा पसारा. दिवसा कॉलेजांत गणित शिकवावें, संध्याकाळीं चार मैल चालत हिंगण्यास जावें, तेथें मुलींना शिकवावें आणि सकाळीं पुन्हां पुण्यास परतावें, असा क्रम त्यांनीं बरेच दिवस चालविला. पावसाळ्यांत ती वाट चिखलाची होई. ध्येय म्हणून ज्याचा गौरव होतो तें प्रत्यक्षांत असें दिसतें : ओली वाट, हातांतलें सामान आणि दुसऱ्या दिवशींचा तास.

पुढची पायरी तर जवळजवळ योगायोगानें आली. जपानमधील महिला विद्यापीठाविषयींची एक पुस्तिका त्यांच्याकडे आली होती. ती त्यांनीं बाजूस ठेवून दिली. १९१५ च्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद मिळालें, तेव्हां भाषणाच्या तयारींत ती पुन्हां उघडली गेली, आणि दुसऱ्याच वर्षीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. प्रारंभीं विद्यार्थिनींची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाखांची देणगी दिली, आणि विद्यापीठ स्थिरावलें. पुस्तिका सर्वांच्याच घरीं येतात. परंतु वीस वर्षें त्याच वाटेनें चाललेल्या माणसालाच तिच्यांतला रस्ता दिसला.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. एका माणसाच्या ध्येयाची किंमत पुष्कळदां घरांतील दुसरें माणूस देत असतें. कर्वे यांच्या घरीं ती गोदूबाईंनीं, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंनीं, दिली. तुटपुंज्या मिळकतींत संसार ओढणें, मुलें वाढविणें, आणि वर संस्थेसाठीं वर्गणी गोळा करीत हिंडणें. ‘माझे पुराण’ हें त्यांचें आत्मकथन वाचणाऱ्याला पतीच्या चरित्राची दुसरी पानें वाचावयास मिळतात. ध्येयाचा विचार करणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें हा खर्च कोणाच्या नांवें मांडला जात आहे, तें एकदां प्रामाणिकपणें पाहावें.

तसेंच ध्येय हें वारसाहक्कानें मिळत नाहीं. कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव हेहि गणिताचेच प्राध्यापक. पण त्यांना वेगळाच प्रश्न दिसला : लागोपाठच्या बाळंतपणांनीं झिजणाऱ्या स्त्रियांचा. संततिनियमनाच्या पुरस्कारापायीं त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ सालीं काढलेलें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनीं खटले आणि दंड सोसून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत चालविलें. वडिलांना १९५८ सालीं, शंभरीच्या उंबरठ्यावर, भारतरत्न मिळालें; पुत्राच्या वांट्यास हयातींत मुख्यतः उपहास आला. म्हणून दोघांपैकीं एकाचें जीवन सार्थकी लागलें आणि दुसऱ्याचें व्यर्थ गेलें, असें कोण म्हणेल? मान हें ध्येयाचें माप नव्हे.

तेव्हां ज्याला आपलें जीवितकार्य अजून सांपडलें नाहीं, त्यानें खिन्न होण्याचें कारण नाहीं. कर्वे यांनाहि तें सांपडलें नव्हतें. वेगळा काढलेला पैसा, न पटलेला एक अन्याय, पुरी केलेली एक जबाबदारी, यांतून तें हळूहळू घडत गेलें. आणि पोटापाण्याचें काम सोडल्याखेरीज जीवनाला अर्थ येत नाहीं, असेंहि नाहीं. हिंगण्याची वाट चालणारा माणूस दुसऱ्या दिवशीं वेळेवर गणिताच्या तासाला उभा असे. रोजच्या वाटेवर जें एक दुःख आपल्याला नेमकें दिसतें आणि शेजाऱ्याला दिसत नाहीं, तेथूनच बहुधा आपलें हिंगणें सुरू होतें.