खेळातून इंग्रजी
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या सहामाहीत एक पालक मुलाची इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे आले. वही जवळजवळ कोरी होती. "सर, महिनाभर तुम्ही शिकवले तरी काय? पोरगा रोज घरी येऊन सांगतो, आज वर्गात खेळ झाला!" त्यांचा राग मी समजू शकतो. पोटाला चिमटा काढून जो बाप मुलाला शाळेत पाठवतो, त्याला खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय वाटणारच. त्यांना त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, ते आज देतो.

आमच्या पिढीने इंग्रजी मुळाक्षरे पाचवीत गिरवली. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. विषय लवकर आला. पद्धत मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. मूल "ए फॉर ॲपल" घडाघडा म्हणते, पण सफरचंद समोर धरून विचारले की गप्प बसते. शब्द त्याला ठाऊक असतो. चुकलो तर सगळे हसतील, ही भीती त्याचे तोंड बंद करते.

"सायमन सेज" हा जुना इंग्रजी खेळ आम्ही "टीचर सेज" या नावाने खेळतो. "टीचर सेज, टच युवर नोज" म्हटले तर नाकाला हात लावायचा. नुसते "टच युवर नोज" म्हटले तर हलायचे नाही. चुकला तो बाद. आठवडाभर मी असाच खेळ घेतला आणि मग लक्षात आले की, रोज तीच चार-पाच मुले प्रथम बाद होऊन भिंतीला टेकून बसतात. म्हणजे ज्यांना सरावाची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच तो सर्वांत कमी मिळत होता. दोष माझा होता. मी नियम बदलला: जो चुकेल त्याने पुढे येऊन पुढचा हुकूम द्यायचा. वर्गात एक अबोल मुलगी आहे. दोन दिवसांनी ती चक्क मुद्दाम चुकू लागली! पुढे आली आणि म्हणाली, "टीचर सेज, स्टँड अप, सर!" मी खुर्चीवरून उठलो. त्यानंतर ती वर्गात बोलू लागली.

दुसरा खेळ आकड्यांचा. थर्टीन आणि थर्टी, फोर्टीन आणि फोर्टी यांत आपली मुलेच काय, मोठी माणसेही गोंधळतात. नाइन्टीन-नाइन्टीपर्यंत अशा सात जोड्या, म्हणजे 14 आकडे होतात. त्यांतले कोणतेही पाच मुलाने चिठ्ठीवर लिहायचे, मी पुकारीन ते खोडायचे. एका बुजुर्गांनी विचारले, "सर, हा जुगार तर नव्हे?" प्रश्न रास्त होता. यात पैसा नाही, बक्षीस नाही. ज्याचे पाचही आकडे प्रथम खोडले जातील त्याने पुढचा डाव पुकारायचा, एवढेच.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. घरात उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या मुलांना काही इंग्रजी ध्वनी आयतेच मिळालेले असतात. "नमाज़"मधला ज़ आणि "फ़जर"मधला फ़ ज्याच्या जिभेवर आहे, त्याला "ज़ू" आणि "फ़ॅन" शिकवावे लागत नाही. उलट स्कूलचे "इस्कूल" आणि स्टेशनचे "इस्टेशन" होते. त्यावर आम्ही सापाचा खेळ काढला: आधी सगळ्यांनी सापासारखे "स्स्स्" करायचे, मग "कूल". शेजारच्या वर्गाला त्रास होतो, हे मला मान्य आहे!

शिवाय सोलापूरचे मूल इंग्रजी शब्दांत कोरे नसतेच. लूम, शटल, बॉबिन, बीम, मोटर हे शब्द आमच्या यंत्रमाग कामगारांच्या घरात रोज बोलले जातात. रुमालाखाली बॉबिन, बटन, खडू, किल्ली अशा आठ-दहा वस्तू ठेवतो, क्षणभर दाखवून झाकतो आणि काय काय होते ते इंग्रजीत विचारतो. बॉबिन कोणीच विसरत नाही.

मात्र त्या पालकांचे म्हणणे अर्धे खरे होते. खेळात आलेला शब्द लिहिला नाही तर लेखन कच्चे राहते, आणि पुढे परीक्षा द्यायची ती लिहूनच. उर्दू उजवीकडून, इंग्रजी डावीकडून लिहिताना लहान मुलांचा बी आणि डी या अक्षरांत घोटाळाही होतो. म्हणून आता दहा मिनिटे खेळ झाला की पाच मिनिटे तेच शब्द वहीत लिहून घेतो. वही आता कोरी दिसणार नाही.

ज्या माता "आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असे म्हणतात, त्यांना माझी विनंती आहे की, शिकवू नका, मुलाकडून शिका. विड्या मोजताना त्याला शेजारी बसवा आणि इंग्रजीत मोजायला सांगा. तो मोजेल तसे तुम्ही मागून म्हणा. तुम्ही चुकलात की तो मोठ्या ऐटीने दुरुस्त करील. त्याला करू द्या.

आणि येत्या शनिवारी सकाळी पहिल्या तासाला वर्गात येऊन बसा. आकड्यांच्या चिठ्ठ्या तुम्हालाही मिळतील.