ए, जरा बाजूला हो



मला सांगितलं होतं 'कविता आणि श्रम' यावर बोल. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि गोणी न उचलता ते फर्डं बोलतात. मी फोटोवर बोलणार. माल भरताना जे फोटो काढतात, त्यावर.

तुम्ही म्हणाल गोदीत कसले फोटो? अरे, लग्नात निघत नाहीत एवढे निघतात. निर्यातीचा कंटेनर भरायचा तर आधी रिकाम्या पेटीचा फोटो. भोक नाही, ओल नाही, तळाची फळी फुटलेली नाही. मग अर्धी भरल्याचा, मग पूर्ण, मग एक दार लावल्याचा, मग दोन्ही. शेवटी सीलचा, नंबर वाचता येईल इतक्या जवळून. पोलादाची कॉइल ट्रेलरवर चढली की तिच्या खालच्या लाकडी पाचरीचा फोटो, साखळीचा फोटो, गंजाच्या डागाचा फोटो. त्या डागावर सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतो. दुधासारखं पांढरं झालं तर खारं पाणी लागलं समजायचं. मग भांडण जहाजवाल्याशी. पांढरं झालं नाही तर पावसाचं पाणी, मग भांडण दुसऱ्या कुणाशी. मोटारी जहाजात चढवायच्या आधी एकेका गाडीभोवती माणूस फिरतो. नखाएवढा ओरखडा दिसला, काढ फोटो.

यात गैर काही नाही. माल कुणाच्या ताब्यात असताना बिघडला हे ठरवायचं तर पुरावा लागतोच. मला खटकतं ते क्लिक करायच्या आधीचं वाक्य : 'ए, जरा बाजूला हो.' आम्ही बाजूला होतो. फोटोत थप्पी येते, ताडपत्री येते, वाघिणीचा नंबर, ट्रकचा नंबर येतो. गोण्या आपल्या पायांनी चढून बसल्या असाव्यात इतका फोटो स्वच्छ.

दुसरा एक फोटोवाला असतो. त्याला माणूसच पाहिजे. घाम पाहिजे, मानेची फुगलेली शीर पाहिजे. म्हणतो, 'पुन्हा एकदा उचला ना, ऊन मस्त पडलंय.' पन्नास किलोची गोणी त्याच्या उन्हासाठी पुन्हा उचलायची, तीही फुकट. मग फोटो प्रदर्शनात लागतो. खाली लिहितात 'श्रम'. नाव नाही, वजन नाही, खेपा किती ते नाही, मजुरी काय ते नाही. च्यायला, त्यापेक्षा सर्व्हेअर परवडला. त्याच्या फोटोखाली निदान तारीख असते.

अमेरिकेत लुईस हाइन नावाचा एक मास्तर होता. १९०८ पासून तो बालमजुरीविरोधी कमिटीसाठी गिरण्या, खाणी फिरला. मालक आत सोडत नसत. मग कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढणारा बनून घुसायचा. आपल्या कपड्यांची बटणं जमिनीपासून किती उंचावर आहेत हे त्याला पाठ होतं. पोरगं शेजारी उभं राहिलं की बटणावरून उंची मोजायचा. खिशात हात घालून चोरून टिपून घ्यायचा : नाव, वय, काम, किती तास. तो फोटो पुरावा झाला तो या टिपणामुळं. अर्थात फोटोनं राज्य उलटत नाही. १९१६ ला कायदा झाला, १९१८ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं तो मोडला, आणि टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं.

आपल्याकडे माल कसा मोजतात आणि माणूस कसा, हे मुंबईनं १४ एप्रिल १९४४ ला पाहिलं. आपल्या जयंतीचा दिवस. व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन जहाज लागलेलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि त्याच पोटात कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्या. असं लोडिंग करायचा हुकूम हमालानं दिलेला नव्हता. कापूस पेटला, चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. जहाजात सोनं होतं, ३१ पेट्या. एकतीस म्हणजे एकतीस, कुणी तीस म्हणत नाही. मेलेली माणसं मात्र कुणी ८०० सांगतो, कुणी १३००. मधल्या पाचशे माणसांना अंदाजात बसवलं. धुराच्या लोटाचे फोटो आहेत, आभाळाएवढ्या धुराचे.

आणि हमाल तरी कुणी व्हायचं, यातही जात होती. फेब्रुवारी १९३८ मधे मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे उघड मांडलं. आपल्या माणसाला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं कामही करावं लागतं, आणि घरात आपला विटाळ. म्हणून आपण गँगमन, रुळावर. आता त्या काळातल्या एखाद्या स्टेशनचा फोटो समोर धरा. डब्यात सामान चढवणारा पोर्टर दिसेल. तिथं कोण नाही, हे फोटोत दिसत नाही. ते खाली लिहावं लागतं. आजही सिमेंट आणि खताची पूड नाकातोंडात घ्यायला कोण आणि हजेरी लिहायला कोण, हे लिहिल्याशिवाय कळणार नाही.

आता तुमच्या सगळ्यांच्या खिशात फोन आहे. गोदीच्या आत परवानगीशिवाय फोटो चालत नाही, तिथं पास घालवून बसू नका. आतल्या फोटोंच्या प्रती युनियनच्या पत्रानं मागा. पण रेल्वेचा मालधक्का आहे, त्याच्या बाहेरचा रस्ता आहे, वखारी आहेत, रस्त्यावर उभे राहून भरले जाणारे ट्रक आहेत. जिथं विचारावं लागतं तिथं विचारून काढा. गोणीवर छापलेलं वजन वाचता आलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मधे पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची शिफारस केली, ती डोक्यात ठेवा. ट्रकला लावलेल्या फळीचा फोटो अपघाताच्या आधी काढा. झिजलेल्या दोराचाही आधीच. माणूस पडल्यावर फळी बदललेली असते, दोर सापडत नाही, आणि ठेकेदार म्हणतो हा आमच्याकडे कामालाच नव्हता.

व्हॉट्सॲपवर नुसता ढकललेला फोटो बारीक होतो, आणि त्याच्या पोटातली तारीख-वेळ पुसली जाते. मूळ फोटो ज्या फोनात काढला त्यातच ठेवा. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणं असा पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करील, पण फोन तुम्ही विकून बसलात तर वकील काय करील?

चेहरा दिसत असेल तर आधी त्या माणसाला विचारा. फेसबुकवर टाकू नका. लाइक तुम्हाला मिळतो, खाडा त्याचा होतो.

मी एक वही आखून आणलीय, बाहेर टेबलावर ठेवलीय. रकाने असे : तारीख, जागा, वाघीण किंवा ट्रकचा नंबर, माल, गोणीचं वजन, टोळीत माणसं किती लावली आणि किती लागत होती, खेपा, मजुरी, कुणाला काय लागलं. नावाचा रकाना शेवटी आहे. ज्याला नाव द्यायचं नाही त्याचा तो कोरा सोडा, बाकीचे सगळे भरा.