शिसे, कॅडमियम आणि घरातला पाळणा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



बाहेरच्या फलकावर आमचा विषय नुसता 'आरोग्यविषयक मार्गदर्शन' असा लिहिला आहे. कार्यकारिणीचा संकोच आम्ही समजू शकतो. पण लग्नाला चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या घरांत आजही आधी सुनेची फिरती सुरू होते. सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, हॉर्मोन्स, मग उपास आणि नवस. मुलाची वीर्यतपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनत्रासाची; ती शेवटी होते, किंवा होतच नाही. वास्तविक अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, पूर्णपणे किंवा काही अंशी, असते. त्यातल्या एकाच कारणाबद्दल आज बोलू: जड धातू, आणि त्यांवर उतारा म्हणून खपणारी अँटिऑक्सिडंट्स.

शेंगदाण्याचे कूट उघडे राहिले की खवट होते. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, म्हणून. शुक्राणूच्या आवरणातही अशीच पटकन खवट होणारी स्निग्धद्रव्ये भरपूर असतात, आणि इतर पेशींकडे असतो तसा बचावाचा साठा त्याच्याकडे फारसा नसतो. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक शरीरात गेले की हे खवटणे वाढते. शुक्राणूंची चाल मंदावते. शिसे आणखी एक खोडी करते. शुक्राणूच्या डोक्यात आनुवंशिक द्रव्याची गुंडाळी घट्ट राखायला जस्त लागते, त्या जस्ताची जागा ते बळकावते.

हे ज्ञान नवे नाही. कॅडमियमच्या एका इंजेक्शनने उंदराचे वृषण नष्ट होतात, हे चेकोस्लोव्हाकियातील पारिझेक आणि झाहोर यांनी १९५६ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी पारिझेक यांनी दाखवले की जस्त भरपूर दिले तर ही हानी टळते. आपल्याकडे लखनौला कर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये जस्ताबरोबर सेलेनियमचाही तसाच गुण नोंदवला. माणसांतला दाखला रुमानियाचा: बॅटरीच्या कारखान्यातील कामगारांत शिशाबरोबर शुक्राणूंची संख्या, चाल आणि घडण बिघडलेली १९७५ मध्ये आढळली.

मग जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात आणि मोकळे व्हावे? इथेच आमचे मत बाजारापेक्षा वेगळे आहे. प्रयोगातल्या उंदराला विष आणि उतारा जवळजवळ हातात हात घालून मिळतात. माणूस मात्र वर्षानुवर्षे थोडेथोडे शिसे घेत राहतो. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आले. पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक ॲसिड दिले. मूल होण्याच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही, पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. ही माणसे धातूंच्या संपर्कातली म्हणून निवडलेली नव्हती, हे खरे. तरीही महागड्या डब्यांवर भरवसा ठेवून वर्षे घालवू नयेत, एवढे त्यातून नक्की कळते. सुनेचे वय थांबत नाही.

आवळा, पेरू, डाळी, तीळ जरूर खावेत. लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर आतड्यातून शिसे कमी शोषले जाते, हा आहाराचा खरा फायदा. पण नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात काय अर्थ? आधी धातू येतो कुठून ते पाहावे. बडोद्यात मकरपुऱ्याच्या किंवा नंदेसरीच्या वसाहतीत नोकरी केलेला माणूस आपल्या बहुतेक घरांत सापडेल. बॅटरी, सोल्डरिंग, जुना रंग खरवडणे, धातू वितळवणे, अशी कामे असतील तर डॉक्टरांना ती आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असे नाही. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. तंबाखूचे रोप जमिनीतले कॅडमियम शोषून घेते, तेव्हा विडी-सिगारेटवाल्यांना वेगळा कारखाना लागत नाही.

आणि हळद! अँटिऑक्सिडंट म्हणून आपण ती दुधात घालतो, पण सुट्या हळदीला पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसेच, चोळण्याचे प्रकार उपखंडात उघडकीस आले आहेत. बांगलादेशाने २०१९ नंतर कडक कारवाई करून दोन वर्षांत ही भेसळ जवळजवळ संपवली. फार भडक पिवळी हळद आम्ही तरी घेत नाही.

शक्तिवर्धक पुड्यांबद्दल बोलताना आमचे काही वैद्य मित्र रागावतील. नागभस्म म्हणजे शिशाचे भस्म. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषत्वासाठी घेतलेली निनावी पुडी पुरुषत्वावरच उठू शकते.

शंका असेल तर रक्तातील शिशाची तपासणी होते. हाडांत मुरलेले शिसे मात्र वर्षानुवर्षे राहते, म्हणून जितक्या लवकर संपर्क तुटेल तितके बरे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे काम बदलले, तंबाखू सुटली, तर आठवड्यात फरक शोधू नका. तीन महिने थांबून पुन्हा वीर्यतपासणी करा. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवसांचा संयम ठेवा. आणि पहिल्या वेळी आकडे कमी आले तर एका कागदावर निकाल लावू नका. दुसरा नमुना द्या, मग दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा.