किडनीच्या रुग्णाचं ताट आणि रक्ताचा रिपोर्ट



रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी कमी पडतेय, असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरात पहिला हुकूम सुटतो: वरण बंद. मग टोमॅटो, पालक, केळी आणि शेवटी दूधही. ताटात उरतात भाकर आणि लोणचं. जे हवं होतं ते गेलं, आणि जे जायला हवं होतं ते राहिलं.

वरणाचा हिशेब आधी करू. किडनीचं काम बरंच घटलंय, पण डायलिसिस सुरू नाही, अशा प्रौढ रुग्णाला किलोमागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात. 50 किलोच्या माणसाला 40 ग्रॅम. आता आपलं जेवण बघा. 200 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे 20 ग्रॅम, 50 ग्रॅम तुरीच्या डाळीतून 11, पेलाभर दुधातून 6 ते 7. बेरीज 40 च्या आतच. केळापूर, घाटंजी, झरी जामणीकडच्या शेतमजुराचं असं ताट असेल, तर त्यात कापण्यासारखं काहीच नाही. त्यातून वरण काढलं, की शरीर स्वतःचेच स्नायू झिजवतं. आणि इथेच मोठी फसगत होते. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. माणूस वाळला की तो आकडाही खाली येतो, आणि घरच्यांना वाटतं, पथ्य लागू पडलं! म्हणून क्रिएटिनिनच्या जोडीला वजन आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिनही बघायलाच हवं. डायलिसिस सुरू झालं, की प्रथिनांची गरज उलट वाढते, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम. तेव्हाही भीतीपोटी डाळ, अंडी सोडणारे रुग्ण आहेत, याचं फार वाईट वाटतं.

खरा आवर घालायचा तो मिठाला. दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं. मीठ कमी झालं की रक्तदाब उतरतो, सूज कमी होते, लघवीतून जाणारी प्रथिनंही घटतात. मात्र बाजारातलं 'कमी सोडियमचं' मीठ स्वतःच्या मनानं आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदय बंद पडू शकतं.

फळं-भाज्यांचा निर्णयही पोटॅशियमच्या रिपोर्टवरच. तो 3.5 ते 5 च्या दरम्यान असेल, तर सरसकट बंदी कशाला? जास्त असेल तर भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं.

पाण्याचंही बघा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते शरीराबाहेर टाकण्याचं काम मुख्यतः किडनीचंच, त्यामुळे दुबळ्या किडनीच्या माणसात ते जास्त साठतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोय नसेल तर फार तर 1.5. ग्रामपंचायतीकडे तपासणीचा आग्रह धरा.

आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना रिपोर्टसोबत रोज काय खाता, किती खाता, तेही कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरातलं वरण बंद करू नका.