पहिल्याच अर्जात सांगा

आज कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले कुणी हुमनाबादचे, कुणी भालकीचे, कुणी बसवकल्याण-आळंदचे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आजोबांच्या दस्तावर उर्दू आणि वरच्या कोर्टात इंग्रजी, असा आपल्या भागातला पक्षकार असतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण ज्याला घरातून उचलून नेले, त्याला कुठली आलीय निवड? त्याच्यासाठी संविधानाने बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज ठेवला आहे. या माणसाला कोणत्या अधिकाराने डांबले, हे सरकारला सांगावेच लागते. हळ्ळीखेडच्या माणसाला या अर्जासाठी 2008 पर्यंत बेंगळुरू गाठावे लागे. त्या वर्षी कलबुर्गीला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू झाले, 2013 मध्ये ते कायम झाले. कोर्ट जवळ आले. तिथे उभे राहून काय मांडायचे, हे मात्र वकिलाच्या हाती आहे आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

आपला बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची गोष्ट आधी सांगतो. तेलंगणातल्या शेतकरी लढ्यातल्या काही जणांना 1949 मध्ये विशेष न्यायाधिकरणाने फाशी सुनावली. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती कायम केली. काही आठवड्यांनी संविधान लागू झाले. सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्याचा अधिकार आपल्याकडे नाही असे सांगितले, तेव्हा हे लोक बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज घेऊन पुन्हा तिथेच गेले. आम्हाला खटल्यात वकीलच मिळाला नाही, ही त्यांची एक तक्रार होती. मार्च 1951 मध्ये जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य या निकालात त्यांचे अर्ज फेटाळले गेले. अधिकार असलेल्या कोर्टाने शिक्षा दिली असेल तर या अर्जाने ती सहसा उलटत नाही, असे न्यायालय म्हणाले. वकील नव्हता एवढ्यावरून प्रत्येक खटला रद्द होत नाही. पण वकिलावाचून सुनावणीच न्याय्य राहिली नसेल, तर अपील ऐकणारे कोर्ट हात घालू शकते, असेही त्यांनी नोंदवले. पुढे ती फाशी जन्मठेपेत बदलली.

स्थानबद्धतेत, म्हणजे खटल्याविना डांबले असेल तेव्हा, मात्र हा अर्ज पुन्हा करता येतो. उच्च न्यायालयाने नाकारला तरी सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा बंद होत नाही, हे 1966 च्या गुलाम सरवर निकालाने स्पष्ट केले. लल्लूभाई जोगीभाई पटेल यांचे प्रकरण तर तुम्ही उशाशी ठेवून वाचावे असे आहे. त्यांना स्थानबद्ध केल्याची कारणे इंग्रजीत होती आणि त्यांना येत होती फक्त गुजराती. पोलीस निरीक्षकाने ती तोंडी समजावली, लेखी भाषांतर दिले नाही. त्यांचा पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसरा अर्ज नव्या मुद्द्यांसह आला, तेव्हा सरकारने हरकत घेतली की हे आधीच का सांगितले नाही? सर्वोच्च न्यायालयाने ती हरकत मानली नाही. नव्या कारणांवर दुसरा अर्ज चालतो असे ठरवले आणि त्यांना सोडले.

आता स्वतःला विचारा. कारणे कोणत्या भाषेत होती, हे कागदाच्या पहिल्या पानावरच दिसते. ते पहिल्या अर्जात आले, तर दुसऱ्या अर्जापर्यंतचे दिवस त्या माणसाला कोठडीत काढावे लागत नाहीत. उद्या आळंदचा एखादा मराठी शेतमजूर कन्नड आदेशावर अंगठा उठवून तुमच्याकडे येईल. कागदाच्या शेवटी 'मला माझ्या भाषेत समजावून सांगितले' अशी ओळ असेल. त्या ओळीवर थांबा. कुणी समजावले, लेखी दिले का, त्याला काय कळले, हे त्याच्याच तोंडून ऐका.

शिक्षा झाल्यावर हे सगळे फार अवघड होते. अमेरिकेत निष्काळजी वकिलीचा दावा करून शिक्षेला आव्हान देता येते. मात्र 1996 च्या कायद्याने तिथेही दुसऱ्या अर्जाची वाट फार अरुंद केली. आपल्याकडे तर वकील बदलला एवढ्यावरून साक्षीदार पुन्हा बोलावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले. उलटतपासणीत जे निसटले, ते बहुतेक वेळा निसटलेच.

शिक्षेनंतरची वाट किती लांब असते, हे नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या खून खटल्यात दिसते. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये तिघांची फाशी कायम केली, उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेल्या उरलेल्या तिघांनाही फाशी सुनावली आणि फेरविचाराचा अर्जही नाकारला. पुढे 2014 च्या एका निकालाने फाशीच्या प्रकरणातला फेरविचार खुल्या न्यायालयात ऐकणे बंधनकारक झाले, म्हणून त्यांची फाईल पुन्हा उघडली. घटनेनंतर लगेच एका प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि तो धागा तपासात सोडून दिला होता. 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. पण त्यांची तारुण्याची वर्षे कोणता आदेश परत देणार?

त्याच वर्षी डिसेंबरात अनोखीलाल प्रकरणात न्यायालयाने वकिलांच्या नेमणुकीचेच नियम घातले. खांडव्याच्या त्या खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले गेले आणि पंधरवड्याच्या आत फाशीचा निकाल लागला. आता जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला किमान 10 वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला साधारण किमान 7 दिवस मिळायला हवेत. सात दिवस! कुणाचा जीव वाचवायला सात दिवसही नव्हते, म्हणून हा नियम लिहावा लागला.

मित्रहो, विधिसेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव घाला आणि गरिबाचा खटला फी देणाऱ्याच्या खटल्याइतकाच मन लावून चालवा. वकीलपत्रावर सही घेण्याआधी माणसाला भेटा. जेलमध्ये असेल तर जेलमध्ये जा. नक्कल मागवा, ती शेवटच्या पानापर्यंत वाचा. तुम्हाला न समजलेली भाषा असेल तर समजणाऱ्याला शेजारी बसवा. तयारी नसेल तर कोर्टाकडे धीटपणे वेळ मागा, आणि कोर्टाने नकार दिला तर तो नकार रोजनाम्यात नोंदवून घ्या. दुसऱ्या अर्जाचा हक्क मौल्यवान आहे, तो जपा. पण तुमच्या पक्षकाराला त्याची गरज पडू नये, इतकी चोख वकिली करा.