दोन खाचांमधला आवाज



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. कामगार चळवळीतला माणूस आहे, तो बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलेल. आम्ही 'विजेवरच्या गिटारची कळ' असा विषय कळविला, तेव्हा चिटणिसांचा उलट फोन आला. "भाऊ, विषय लिहिताना काही चुकले तर नाही ना?" चुकलेले काही नाही. आम्हांस गिटार वाजविता येत नाही. शाळाही आठवीतच सुटली. पण विजेच्या मोटारींची वेटोळी गुंडाळण्यात आमची एकवीस वर्षे गेली, आणि आजचा विषय निघाला तो त्या वेटोळ्यांतूनच.

झाले असे की आमच्या युनियनच्या कलापथकात पूर्वी ढोलकी, तुणतुणे आणि डफ एवढाच संसार होता. काही वर्षांपूर्वी रंगखात्यातला एक तरुण विजेवरची गिटार घेऊन आला. जुन्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या, त्यांत आम्हीही होतो. परंतु तालमीला बसलो असता एक गोष्ट ध्यानात आली. हा पोरगा वाजविताना मधूनच उजव्या हाताने एक लहानशी दांडी पुढे-मागे सारतो. तीच तार, तोच सूर, तीच बोटे. पण दांडी सरकली की आवाज निराळा. कधी पितळी भांड्यासारखा खणखणीत, कधी मडक्यातून आल्यासारखा गोल. आम्ही विचारले, "अरे, ही कसली जादू?" त्याने पेचकस काढला आणि युनियनच्या टेबलावर गिटारच्या छातीवरची पांढरी पट्टी उघडून दाखविली. आत पाहतो तो तांब्याची वेटोळी! आमची भाकरीच तिथे खिळवून ठेवलेली!

त्या वेटोळ्याला पिकअप म्हणतात. सहा लहान लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तार, एवढाच त्याचा जीव. तार मात्र केसासारखी, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, आणि वेढे आठ हजारांच्या आसपास. मोटारीची तार गुंडाळणाऱ्या आमच्या हातांना ती दिसेना, चष्मा लावावा लागला. वर ताणलेली गिटारची तार पोलादी असते. चुंबकाच्या शेजाराने तीही किंचित चुंबकित होते. ती थरथरली म्हणजे वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र हलते आणि तांब्यात वीज उपजते. हा नियम मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिला. हा फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. शाळा सुटलेल्या आम्हां लोकांना त्याचा मोठा आधार वाटतो.

तर पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. तो तारेची हालचाल ऐकतो, आणि तीही फक्त आपल्या डोक्यावरच्या बोटभर जागेतली. सारी मौज या जागेत आहे. दोन मुली दोरीची टोके धरून उडीसाठी दोरी फिरवितात, ते डोळ्यांपुढे आणा. दोरी मध्यावर केवढी झेप घेते, आणि मुठीपाशी जेमतेम हलते! गिटारच्या तारेचेही तसेच. पण तार एकाच तऱ्हेने हलत नाही. सबंध तार हलते तो मूळ स्वर; त्याच वेळी ती आपल्या दोन, तीन, चार भागांतही हलत असते आणि त्यांतून वरचे बारीक स्वर निघतात. तंबोऱ्याच्या खर्जात ज्याला गंधार ऐकू येतो त्यास हे निराळे सांगावयास नको. तो स्वयंभू गंधार म्हणजे तार पाच भागांत हलते त्याचा आवाज.

आता घोडीजवळ बसविलेला पिकअप घ्या. तेथे मूळ स्वराची झेप अगदी थोडी, म्हणून त्या मानाने बारीक स्वर पुढे येतात आणि आवाज धारदार होतो. सतारीवर घोडीजवळ नखी मारून पाहावी, त्याच जातीचा फरक कानाला लागतो. दांडीकडचा पिकअप मूळ स्वर भरपूर घेतो, म्हणून तो गोल. शिवाय आणखी एक गंमत आहे. स्ट्रॅटोकास्टर नावाच्या गिटारमध्ये दांडीकडचा पिकअप मोकळ्या तारेच्या लांबीच्या जवळजवळ पाव हिश्श्यावर येतो. तार चार भागांत हलते तेव्हा नेमकी त्या ठिकाणी ती स्थिर असते. त्यामुळे तो चौथा स्वर तारेत असूनही पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही! बोटाने तार दाबली की लांबी बदलते आणि हा हिशेबही बदलतो. जागेवरून ऐकणे ठरते, हे आम्हांस कारखान्यात ठाऊक होते. व्यवस्थापकाच्या खोलीत यंत्राचा जो आवाज पोचतो तो यंत्रापाशी उभ्या माणसाचा नव्हे. असो.

विजेवरच्या गिटारचा पहिला यशस्वी पिकअप अमेरिकेत जॉर्ज बोशाँ याने १९३१च्या सुमारास केला आणि रिकनबॅकर यांच्या कारखान्यात ती गिटार तयार होऊ लागली. तिला एकच पिकअप. निवडीचा प्रश्नच नव्हता. निवड आली ती पिकअप दोन झाल्यावर. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओदुरुस्ती करणारा गृहस्थ होता. त्यालाही, आमच्याप्रमाणेच, गिटार वाजविता येत नसे. पण तो वादकांच्या हाती वाद्य देई आणि त्यांच्या तक्रारी ऐकून घेई. मालकवर्गात हा गुण दुर्मिळ, म्हणून मुद्दाम नमूद करतो. त्याच्या १९५०च्या गिटारला दोन पिकअप होते आणि १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरला तीन. तीन पिकअप, एक दांडी, आणि दांडीला तीन खाचा. एका खाचेत एकच पिकअप बोले, बाकीचे दोन मुके.

याउलट गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल नावाची गिटार काढली, तिच्या कळीच्या मधल्या जागेत दोन्ही पिकअप एकत्र बोलत. म्हणजे एकत्र बोलविण्याची कल्पना अज्ञात नव्हती. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मात्र ती सोय नव्हती.

पण कळीच्या अंगी एक खोड होती. ती कळ रेडिओच्या धंद्यातली. तिच्यातली फिरती पट्टी अशी की पहिला सांधा सोडण्यापूर्वीच ती दुसऱ्याला शिवते. दांडी दोन खाचांच्या मध्ये असते त्या क्षणी दोन्ही पिकअप जोडलेले राहतात. वादकांच्या कानाने तो क्षण पकडला. मग त्यांनी काय करावे? दांडी दोन खाचांच्या मध्ये अलगद तोलून धरावयाची आणि ती तशी राहिली तर वाजवावयाचे! हाताचा धक्का लागला की स्प्रिंग तिला खाचेत ओढून घेई.

असा आटापिटा ज्यासाठी केला तो आवाज कसा, हे शब्दांत सांगणे कठीण. तो दोघांची बेरीज नाही, यातच त्याचे मर्म आहे. तार काही भागांत हलताना एका पिकअपपाशी वर जाते त्याच वेळी दुसऱ्यापाशी खाली जाते. ते स्वर एकमेकांस खाऊन टाकतात. शिवाय दोन वेटोळी समांतर जोडली म्हणजे दोघांचा मिळून विरोध निम्मा होतो. प्रत्येकी सहा हजार ओहमांच्या आसपासचा, तो तीन हजारांवर येतो. वेटोळ्याचा जडपणाही घटतो, आणि आवाज मोकळा होतो. उरतो तो किंचित पोकळ, अनुनासिक, पण स्वच्छ आवाज. तिकडचे वादक त्याला बदकाच्या ओरडण्याची उपमा देतात. डायर स्ट्रेट्स या इंग्रजी वाद्यवृंदाचे 'सुलतान्स ऑफ स्विंग' हे १९७८चे गाणे ज्यांनी ऐकले असेल, त्यांना मार्क नॉफ्लरच्या गिटारमधला हा आवाज आठवेल.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सी.बी.एस. या बड्या कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. आणि पाच खाचांची कळ कारखान्यातून बसून येऊ लागली ती १९७७ साली! १९५४ ते १९७७, तेवीस वर्षे. इतकी वर्षे वादक ज्या आवाजासाठी दांडी तोलून धरीत होते, त्याला अखेर खाच मिळाली.

येथे आम्हांस आमच्याच खात्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या वाइंडिंग खात्यात बहुतेक कामगार बाया. यंत्राच्या वेगाला तीन खाचा. दुसऱ्या खाचेत बारीक तार सैल बसे, तिसऱ्या खाचेत तुटे. एका बाईंनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घडी करून दांडीखाली सारला आणि दांडी दोहोंच्या मध्ये अडकवली. तार घट्ट बसू लागली, तुटणे थांबले. पुढे साऱ्या रांगेत ट्यूबचे तुकडे दिसू लागले. एके दिवशी वरून साहेब आले, त्यांनी ते पाहिले, आणि बाईंच्या हाती आरोपपत्र पडले : यंत्रात अनधिकृत फेरफार. चौकशीत आम्ही त्यांच्या बाजूने उभे होतो. बाई एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तार तुटली असती तर तेव्हाही कागद मलाच मिळाला असता ना?" आम्ही तो प्रश्न चौकशी अधिकाऱ्यापुढे मांडला. त्याने तो लिहूनही घेतला नाही.

पुढचे सांगताना जीभ जड होते. त्याच महिन्यात बोनसची बोलणी चालू होती. कंपनीने आकडा थोडा वाढविला, आणि आम्ही बाईंची चार दिवसांची बिनपगारी सजा मान्य करून करारावर सही केली. दोन हजार माणसांचा बोनस एका पारड्यात, एका बाईचे चार दिवस दुसऱ्यात. हिशेब बरोबर होता. पुढे कंपनीने नवी यंत्रे आणली, त्यांच्या वेगाला खाचाच नव्हत्या, चकती फिरवून हवा तो वेग घ्यावयाचा. ते पाहताना बाई आमच्याकडे बघून हसल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे कामगाराने हवी तशी यंत्रे अडकवावी काय? नाही. प्रेसखात्यात दोन हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते, हात पात्याखाली राहू नयेत म्हणून. नग भरावेत यासाठी पोरे एका बटणात काडी खोचून ठेवीत. बोटे गेलेली आम्ही पाहिली आहेत, आणि ती काडी काढावयास लावताना आमच्याच सभासदांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. ट्यूबचा तुकडा आणि ती काडी दिसावयास सारखीच. फरक एवढाच की काडी नगांच्या धाकाने खोचलेली होती, आणि ट्यूब तार ओळखणाऱ्या हाताने. आरोपपत्राच्या छापील नमुन्यात हा फरक लिहावयास जागा नसते.

वाद्य करणारा आणि वाजविणारा एकच असला म्हणजे काय होते, त्याचेही उदाहरण आहे. ब्रायन मे हा पुढे क्वीन या वाद्यवृंदाचा गिटारवादक झाला. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. १९६३ साली मे हा शाळकरी पोर होता, गिटार विकत घेण्याइतके पैसे घरात नव्हते. बापलेकांनी घरीच गिटार करावयास घेतली. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, आणि आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा. पिकअप तीन बसविले, पण एका दांडीच्या खाचांना त्यांनी बांधून घेतले नाही. प्रत्येक पिकअपला स्वतःची चालू-बंद कळ, आणि त्याची दिशा उलटविणारी आणखी एक. कोणास बोलवावयाचे, कोणास गप्प ठेवावयाचे, कोणास उलटे जोडावयाचे, हे वाजविणाराच ठरवी. तीच गिटार त्याने सारा जन्म वाजविली.

आणि वेटोळी गुंडाळणाऱ्यांचे काय? फेंडरच्या कारखान्यात अबिगेल इबारा नावाची बाई १९५६ साली कामास लागली आणि २०१३ साली निवृत्त झाली. तिने गुंडाळलेल्या पिकअपवर तिची सही असे, आणि ते पिकअप शोधणारे वादक जगभर आहेत. आमच्या खात्यातल्या बायांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न सहीबद्दल विचारला नाही. त्यांनी विचारले, "सत्तावन वर्षे? तिचे डोळे कसे राहिले?"

पुरे झाले आमचे बोलणे. तो रंगखात्यातला तरुण दुसऱ्या पाळीची रजा टाकून येथे आला आहे. त्याच्या गिटारला पाच खाचा आहेत. आम्ही त्यास सांगितले आहे की एकच सूर पाचही खाचांत वाजव, घोडीकडून सुरुवात कर. दुसरी आणि चौथी खाच नीट ऐका. लाऊडस्पीकरवाल्या बंधूंनी पंखे तेवढे थोडा वेळ बंद करावेत.